मोठ्या अक्षरातलं मराठी बायबल: आजारपणात वापरतोय, त्याबद्दल थोडं

आईसाठी घेतलंय हे. ती डायलिसिसवर आहे, सांगलीहून मिरजेला सारखी ने-आण असते आणि शुगरमुळे नजर पण अधू झालीय, त्यामुळे साध्या बायबलचं अक्षर तिला दिसतच नव्हतं. आमचं जुनं घरातलं बायबल 2019 च्या महापुरात गेलं, सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं तेव्हा, आम्ही गावभागात, म्हणजे सांगलीच्या जुन्या वस्तीत राहतो, नंतर गच्चीवर वाळत घालून बघितलं पण पानं एकमेकांना चिकटून बसली ती बसलीच. मग आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पुस्तकांचं टेबल लावतात तिथून हे मोठ्या टाइपाचं घेतलं.

पुस्तक म्हणून बघाल तर अक्षर खरंच मोठं आणि ठळक आहे, आई चष्मा लावून ट्यूबलाइटच्या उजेडात वाचते. कडेला प्रत्येक पुस्तकाच्या नावाचे खाचे आहेत, म्हणजे स्तोत्रसंहिता, बायबलमधलं स्तोत्रांचं पुस्तक, शोधायला पानं चाळत बसावं लागत नाही, बोट घातलं की उघडलं. कागद पातळ आहे, मागच्या पानाची छपाई थोडी दिसते, आणि बोट ओलं करून पान उलटायची सवय असेल तर चुरगळतं. पण खरी अडचण वजनाची आहे. डायलिसिसला ज्या हातात सुया असतात तो हात हलवायचा नसतो, दुसऱ्या एका हाताने हे पुस्तक पेलणं कुणालाच जमणार नाही. आम्ही मांडीवर उशी ठेवून त्यावर ठेवतो आणि पान मी उलटते. चेनवालं कव्हर वेगळं घेतलं होतं त्याची चेन लगेच गेली, ते घेऊ नका, साधी कापडाची पिशवी शिवून घ्या.

आता मला जे सांगायचंय ते. आजारी माणसाला भेटायला येणारे वचनाची, म्हणजे बायबलमधल्या ओळींची, कार्डं आणतात, वचनाचं कॅलेंडर आणतात, भिंतीवरच्या पाट्या आणतात, प्रेमानेच आणतात. पण त्यावर सगळी आनंदाची आणि आशीर्वादाचीच वचनं असतात. रात्री दोन वाजता उलटी होत असताना आणि पाय सुजलेले असताना त्या पाटीकडे बघून आईला रडू यायचं, तिला वाटायचं आपलाच विश्वास कमी पडतोय. पूर्ण बायबल हातात आल्यावर ते बदललं कारण ती सुरुवातीपासून एकेक स्तोत्र वाचायला लागली, निवडून नाही. सहाव्या स्तोत्रात दावीद राजा म्हणतो की रात्रभर रडून माझं अंथरूण भिजलं. तेराव्यात पहिल्या दोनच ओळीत चार वेळा विचारलंय, कुठवर? परमेश्वरा, कुठवर? आणि 88 वं तर शेवटपर्यंत काळोखातच आहे, इतर बहुतेक स्तोत्रं शेवटी कुठेतरी उजेडाला येतात, हे येत नाही. आई म्हणाली, अगं हे पण देवानेच आत ठेवलंय की. म्हणजे मी असं बोललेलं त्याला चालतं. त्या दिवसापासून ती प्रार्थनेत मोकळी रडते आणि रडून झाल्यावर शांत झोपते, हे मी डोळ्यांनी बघतेय.

बायबलमधलं ईयोबाचं पुस्तक पण वाचा, फार दुःख भोगलेल्या माणसाची गोष्ट आहे, सगळे 42 अध्याय, नुसती सुरुवात आणि शेवट नको. त्याचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले तोवर सगळं बरोबर होतं, बोलायला लागले, तुझंच काहीतरी पाप असणार म्हणाले, तिथे बिघडलं. आणि शेवटी देव त्या मित्रांवरच रागावतो, म्हणतो माझा सेवक ईयोब माझ्याविषयी नीट बोलला, तुम्ही नाही. आमचे पाळकसाहेब एकदा हॉस्पिटलात आले, आईच्या खाटेजवळ स्टुलावर बराच वेळ नुसते बसले, जाताना छोटी प्रार्थना केली. आई अजून त्यांचं नाव काढते.

नव्या करारात, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागात, प्रभू येशू त्याचा मेलेला मित्र लाजर याच्या कबरेपाशी रडला, तो लाजराला उठवणार होता हे त्याला माहीत असून रडला. प्रेषित पौलाने शरीरातला काटा, म्हणजे त्याला छळणारा त्रास, काढून टाक म्हणून प्रभूला तीनदा विनंती केली, काटा निघाला नाही, माझी कृपा तुला पुरे आहे एवढं उत्तर मिळालं. हे उत्तर मला फार वर्षं कोरडं वाटायचं. आता आईकडे बघून कळतं की तिची किडनी काही बरी झाली नाही, पण कृपा पुरतेय, रोज पुरतेय. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात पौल म्हणतो की देव आपलं सांत्वन करतो ते आपण दुसऱ्या दुःखितांचं करावं म्हणून. शेजारच्या खाटेवर जतकडची एक बाई असते, आपल्या मंडळीतली नाही, पहिल्यांदा आली तेव्हा सुया बघून थरथरत होती, आईने तिचा मोकळा हात चार तास धरून ठेवला होता.

पंडिता रमाबाईंचं पण आठवतं अशा वेळी. दुष्काळात आईवडील गेले, मग भाऊ गेला, लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती तोवर नवरा गेला, 1921 मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. आणि ही बाई केडगावला बसून बायबलचं मराठी भाषांतर करत राहिली, 1922 मध्ये वारेपर्यंत. माझ्याकडचं बायबल त्यांच्या भाषांतराचं नाही, पण ज्या पुस्तकासाठी एवढ्या दुःखात एवढे कष्ट घेतले त्यात नुसत्या गोड ओळी कशा असतील.

डोळे अगदीच गेलेल्यांसाठी मराठी ऑडिओ बायबल फोनवर फुकट मिळतं, ते पण वापरतो. आवाज स्पष्ट आहे, मागे संगीत आहे ते मला जरा जास्त वाटतं, पण आईला आवडतं. वॉर्डात इअरफोन लावूनच ऐका, बाजूच्या पेशंटला त्रास नको.

पाचपैकी साडेचार देईन, अर्धा वजनासाठी कापला. मोठ्या अक्षराचा नवा करार आणि स्तोत्रं एवढंच वेगळं मिळत असेल तर हॉस्पिटलात न्यायला ते बरं, घरी मात्र पूर्णच ठेवा. आणि कुणा आजाऱ्याला भेट द्यायचं असेल तर 13 आणि 88 व्या स्तोत्रात खुणेची फीत घालून द्या, 23 वं, 'परमेश्वर माझा मेंढपाळ' हे, त्यांना पाठच असतं.