सागवानी पाळणा, पाच थर रंग आणि भवानी पेठेतले पॉलिश मिस्त्री

लेकीला नववा लागला तसा माळ्यावरचा पाळणा खाली काढला. सासूबाईंच्या माहेरचा, चारही खांब कातीव. सागवानी आहे हे फक्त ऐकून माहीत, लाकूड आम्ही कुणी पाहिलंच नव्हतं. घरात दर बारशाआधी पाळण्याला ऑइल पेंटचा नवा हात मारायची रीत. एका खांबाचा टवका उडाला होता तिथे मोजले: पिस्ता, गुलाबी, आकाशी, परत पिस्ता, तळाला चॉकलेटी. पाच थर.

मला घोर लागला तो शिशाचा. घरगुती रंगात शिसं दहा लाखांत ९० भागांपेक्षा जास्त नको, हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. आमचे पाचही थर त्याच्या कितीतरी आधीचे. दात येताना बाळ पाळण्याची कड चावतं, हे माझ्या दोन्ही मुलांचं मी पाहिलंय. म्हणजे वरून सहावा हात नको, आणि घरी पॉलिश पेपर घेऊन कोरडं घासणंही नको. ती धूळ घरभर बसते, आणि लेक बाळंतपणाला त्याच घरात.

मागच्या वर्षी चौरंग एका कारखान्यात दिला होता, त्यांनी सरळ ग्राइंडर फिरवला. रंग तासाभरात निघाला, पण कडेच्या कोरीव कमळाच्या पाकळ्या सपाट झाल्या. अजून त्यावर हात फिरवला की जिवाला लागतं. त्यामुळे या वेळी तीन ठिकाणी हिंडले. एका ठिकाणी कॉस्टिक सोड्याच्या हौदात बुडवून देतो म्हणाले, सगळ्यात स्वस्त. शेवटी टिंबर मार्केटच्या मागच्या गल्लीतल्या मिस्त्रींकडे गेले. त्यांनी टवक्यावर नख फिरवलं आणि पहिलं विचारलं, “ताई, यात बाळ झोपणार का?” सोड्याचं सांगितलं तर मान हलवली. सागवान सोड्याने काळं पडतं, आणि जुने सांधे सरसाने जोडलेले, ते भिजून सुटतात. मी काम तिथेच दिलं.

दोन सकाळी मी मुद्दाम जाऊन बसले. अंगणात प्लास्टिकचा कागद, त्यावर पाळणा. पेंट रिमूव्हर ब्रशने जाडसर लावायचा, घासायचा नाही. पंधरा-वीस मिनिटांत रंग दुधाच्या सायीसारखा सुरकुततो, मग बोथट पत्रीने, म्हणजे खरवडायच्या पात्याने, लाकडाच्या रेषेच्या दिशेने ओढून घ्यायचा. एका वेळी दोनच थर सुटत होते, म्हणून तीनदा लावावा लागला. कातीव खांबांच्या खाचांत पत्री जात नाही. तिथे त्यांनी सुतळी घेतली, खाचेला एक वेढा दिला आणि दोन्ही टोकं धरून ताक घुसळल्यासारखी पुढे-मागे ओढली. खाचेतून गुलाबी-आकाशी लगदा बाहेर आला आणि खाली पिवळसर सोनेरी लाकूड दिसलं. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

निघालेला रंग झाडून टाकला नाही, कागदासकट गुंडाळून पिशवीत बांधला. मग थिनरने दोनदा पुसलं, कारण रिमूव्हरमधलं मेण लाकडावर राहिलं तर वरचं पॉलिश वाळत नाही. त्यानंतर पॉलिश पेपर, जाड १२० नंबरापासून बारीक ३२० पर्यंत, सगळा हाताने. एक गोष्ट मात्र मला खटकली. हातात रबरी मोजे होते, पण तोंडाला नुसता रुमाल, आणि रुमालाने रिमूव्हरची वाफ अडत नाही. दुसऱ्या दिवशी मी फिल्टरचा मास्क नेऊन दिला, तो त्यांनी लावला.

पॉलिशला मेलामाइन (तयार मिळणारं रासायनिक पॉलिश) की लाख, हे मला विचारूनच ठरवलं. लाख घेतली. चपडा लाख रात्रभर स्पिरिटमध्ये भिजवून मलमलीतून गाळलेली. स्पिरिट उडून गेलं की उरते ती नुसती लाख, औषधाच्या गोळ्यांवर असते तीच. बाळाच्या तोंडात जाणाऱ्या वस्तूला मला तीच पटली. कापसाच्या बोळ्याने नऊ हात दिले, मधे मधे बारीक पेपर. चकाकी काचेसारखी नाही, आतून आल्यासारखी आहे. पाणी किंवा दूध सांडलं तर मात्र लगेच पुसायचं, नाहीतर पांढरा डाग पडतो, हे त्यांनी आधीच बजावलं होतं.

आता उणं. आठ दिवस सांगून बारा लावले. आमची तारीख जवळ आल्यामुळे ते चार दिवस मला फार जड गेले. तळाच्या फळीला खालून एकच हात दिलाय, आणि पितळी कड्यांच्या बुडाशी हिरवट रंग अजून आहे. तो मी काढून घेतल्याशिवाय पाळणा टांगणार नाही. मिस्त्री रविवारी घरी येऊन काढून देतो म्हणालेत. पैसे ७,२०० घेतले, त्यात टेम्पो नाही. सोड्यावाल्याच्या दुपटीहून जास्त, पण खांबाची एकही खाच बोथट झालेली नाही.

देव्हाऱ्याची दारंही त्यांनाच द्यायची आहेत. ती दिवाळीनंतर. पावसाळी दमट हवेत लाख पांढरी पडते, म्हणून आत्ता ते स्वतःच घ्यायला तयार नाहीत.