18 महिने, 33 हजार किलोमीटर: गाडी चांगली, क्लचच्या बिलानं मात्र डोकं खाल्लं

2024 च्या दसऱ्याला गाडी घेतली. पेट्रोल, पाच गिअरवाली, छोटी घरगुती गाडी. कंपनीचं आन डीलरचं नाव टाकत नाही, कारण एक तर मला ते भांडण परत उकरायचं नाही, आन दुसरं म्हणजे असंच दुसऱ्या शोरूमला पण होतं हे नंतर बऱ्याच जणांकडून ऐकलं. मी पाथरीचा, खत-बियाण्याचं दुकान आहे, शोरूम शेजारच्या जिल्ह्यात. म्हणजे सर्विसिंग म्हणलं की आख्खा दिवस गेला समजा.

गाडीचं आधी सांगतो. परभणी रोडला एसी लावून 19-20 चं ॲव्हरेज देते, गावात 15. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर गेला तरी पुढं एसी मस्त, मागं व्हेंट नाहीत त्यामुळं मागचे वीस मिनिटं उपरण्यानं वारा घेत बसतात. डिकीत युरियाच्या 45 किलोच्या चार गोण्या बसतात (कंपनीनं ही टेस्ट घेतली नसंल, मी घेतली), पण मग मागनं गाडी अशी बसते की स्पीडब्रेकरला पोट घासतंच. हेडलाइट भिकार. ऊस वाहणारी ट्रॅक्टर ट्रॉली बिना रिफ्लेक्टरची पुढं असली की जवळ जाईपर्यंत दिसत नाही, मी शेवटी बल्ब बदलून घेतले. सीट चांगल्या, स्टिअरिंग हलकं. गाडीवर मी खूश आहे, हे लिहायला बसलोय ते क्लचच्या बिलामुळं.

मागच्या वर्षी कोजागिरीच्या आधी तुळजापूरला निघालतो. धारूरच्या घाटात थर्डला ॲक्सिलेटर दाबला तर इंजिनचा आवाज वाढला आन गाडी होती तिथंच. इंजिनच्या फेऱ्यांचा (आरपीएम) काटा दोन हजारावरून साडेतीन हजारावर गेला, स्पीड तेवढंच. सेकंडला टाकली, कशीबशी चढली, वर आल्यावर जळक्या फडक्यासारखा वास. बायको म्हणली, "अहो, आपल्याच गाडीचा वास येतोय ना हो?" मी म्हणलं पुढच्या ट्रकचा असंल. पुढं ट्रक नव्हता. दर्शन केलं, येताना घाट टाळून लांबनं आलो आन 8 ऑक्टोबरला गाडी शोरूमला नेऊन लावली. 21,400 किलोमीटर झालते, वॉरंटी तीन वर्षांची, म्हणून मी एकदम निवांत होतो.

सर्विस ॲडव्हायझर पोरगं चांगलं होतं, गोड बोलणारं. गाडीभोवती फिरून त्यानं टॅबवर फोटो काढले, जॉबकार्ड बनवलं, तक्रार लिहिली "क्लच स्लिप", आन म्हणला बघून सांगतो सर. तिसऱ्या दिवशी फोन आला. आता ऑक्टोबर म्हणजे आमच्याकडं हरभऱ्याच्या बियाण्याचा सीझन, त्यात सप्टेंबरात पूर येऊन गेलेला, गोदाकाठच्या लोकांची सोयाबीन पाण्यात गेलेली, जो येतो तो उधारीच मागतो, काउंटरवर आठ जण उभे. तेव्हड्यात हा म्हणतो, "सर क्लच प्लेट गेलीय, सात-आठ हजार होतील, मोबाइलवर ओटीपी आलाय तेव्हडा सांगा." सांगितला की मी! ओटीपी दिला म्हणजे एस्टिमेट मंजूर. एस्टिमेटची लिंक मेसेजमध्ये होती, उघडली पण नाही. ही चूक माझी, पुढं ती मला महागात पडली.

16 तारखेला गाडी आणायला गेलो. दुसऱ्या दिवशी वसुबारस. बिल हातात आलं, 17,606 रुपये.

मी स्वतः दिवसभर बिलं फाडणारा माणूस आहे, त्यामुळं आकडा बघून ओरडायच्या आधी बिल वाचलं. क्लच सेट 5,900, रिलीज बेअरिंग 1,450, ऑइल सील 620, गिअर ऑइल दोन लिटर 1,100, कन्झ्युमेबल 450, लेबर 3,800, एसी ट्रीटमेंट 950, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग 650, वर 18 टक्के जीएसटी. टॅक्सचा रेट बरोबर होता, 22 सप्टेंबर 2025 पासून पार्टवरचा 28 चा 18 झालाय, तेवढं त्यांनी पाळलं होतं. पण क्लच दाखवायला आणलेल्या गाडीच्या एसीला कसली ट्रीटमेंट? आन ते ऑइल सील कशाचं?

मॅनेजर आले. म्हणले क्लच वेअर अँड टेअरमध्ये, म्हणजे वापरून झिजणाऱ्या पार्टमध्ये येतो, वॉरंटीत नाही. हे खरं आहे, बुकलेटमध्ये तसंच छापलंय, ब्रेक पॅड, वायपर, क्लच प्लेट. मी म्हणलं साहेब 21 हजारात प्लेट? माझ्या जुन्या गाडीची 80 हजार चालली. तर म्हणले ड्रायव्हिंगची सवय, हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धवट दाबून पाय ठेवत असाल. मी नाही म्हणलं तर म्हणायलेत, "मग पुराच्या पाण्यातून घातली असंल, तुमच्या भागात पूर होता ना." पूर होता हे खरंच की, जायकवाडीचं पाणी सुटलं तेव्हा निम्मा तालुका घरात बसून होता, पण माझी गाडी त्या चार दिवसात शेडमधून बाहेर निघाली नव्हती. आन तुमच्याच टॅबवर आत घेतानाचे फोटो आहेत, त्यात कुठं पाण्याची खूण दाखवा म्हणलं. त्यावर उत्तर नाही.

सीलचं विचारलं तर म्हणले, "ते गिअरबॉक्स उतरवला की बदलतच असतो."

इथं मला आमच्या धंद्यातली एक गोष्ट आठवली. सोयाबीन उगवलं नाही म्हणून शेतकरी आला की पहिला प्रश्न काय असतो? पिशवी आहे का, टॅग आहे का, बिल आहे का, थोडं बी ठेवलंय का. ज्यानं पिशवी फेकून दिली त्याची तक्रार कृषी अधिकाऱ्यापुढं उभीच राहत नाही. मी म्हणलं माझे जुने पार्ट द्या. आधी म्हणले स्क्रॅपमध्ये गेले. मी म्हणलं पार्ट माझ्या गाडीचे, जॉबकार्डवर जुने पार्ट परत पाहिजेत का असा रकाना आहे, तुमच्या पोरानं तो मला न विचारता कोरा सोडलाय. अर्ध्या तासानं पोरगं मागच्या ढिगातनं प्लेट, प्रेशर प्लेट आन ते सील एका जुन्या खोक्यात घालून घेऊन आलं. सोबत गिअर ऑइलचा रिकामा डबा पण मागून घेतला.

त्या डब्यावर वेगळीच गंमत. एमआरपी 550, सर्व करांसहित. बिलात 550 प्रमाणे दोन डबे आन वर 18 टक्के. एमआरपीवर परत टॅक्स! 198 रुपये. मी खताच्या गोणीवर असा एक रुपया जास्त लावला तर लायसन जाईल माझं. मॅनेजर म्हणले सिस्टीमनं घेतलं असंल. कम्प्युटर यायच्या आधी हे लोक कुणाच्या नावावर ढकलत होते कोण जाणे.

पैसे भरल्याशिवाय गाडी सोडणार नाही म्हणले, वर उद्यापासून पार्किंगचे दिवसाला 300. भाचा वकिली करतो, त्याला फोन लावला. तो म्हणला मामा तिथं हुज्जत घालू नका, काम करणाऱ्याला मजुरी मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवायचा हक्क आहे, 1872 च्या करार कायद्याचं 170 कलम, तुम्ही पैसे भरा पण बिलाच्या त्यांच्या कॉपीवर लिहा "हरकत कायम ठेवून रक्कम भरली", खाली सही आन तारीख, आन त्याचा फोटो काढा. कॅशियर म्हणली असं लिहिता येत नाही. मी म्हणलं पेन माझाच आहे. लिहिलं, यूपीआयनं भरले, गाडी घेतली, दिवाळी केली.

पाडव्यानंतर खोकं घेऊन आमच्या चाचाकडं गेलो. चाचाचं गॅरेज बसस्टँडच्या मागं, तीस वर्षं इंजिनात हात घातलेला माणूस. त्यांनी प्लेट हातात घेतली, उलटी केली, बोटानं घासली, नाकाला लावली आन माझ्या नाकापुढं धरली, "सूंग के देखो." मला नुसता तेलाचा वास. चाचा म्हणले गिअर ऑइलचा वास सडक्या लसणासारखा उग्र असतो, हे इंजिन ऑइल आहे. मग खिळ्याचं टोक प्लेटच्या रिव्हेटवर टेकवून दाखवलं. रिव्हेट अजून खोल, लायनिंग (प्लेटवरचा घासणारा थर) चांगली शिल्लक. घासून संपलेली प्लेट असती तर रिव्हेट वर दिसले असते, हाफ क्लचनं जाळलेली असती तर प्लेट कोरडी असती आन प्रेशर प्लेटवर निळे डाग पडले असते, इथं नुसता काळा चिकट थर. शेवटी सील उचललं, रबराचा ओठ एका बाजूनं कडक होऊन फाटलेला. क्रँकच्या, म्हणजे इंजिनच्या फिरत्या दांड्याच्या मागचं, इंजिनचं तेल अडवणारं सील. तिथनं तेल झिरपून प्लेटवर आलं, तेलकट प्लेट धरणार कशी? म्हणजे रोग सीलला आन दोष माझ्या पायाला. आन सील काही वेअर अँड टेअरच्या यादीत नाही, मी बुकलेट दोनदा वाचलं. ज्या मेकॅनिकनं गिअरबॉक्स उतरवला त्याला हे दिसलं नसंल यावर माझा विश्वास नाही. दिसलं म्हणून तर बदललं, आन वर 620 लावले.

चाचाला पैसे विचारले तर चहा सांगा म्हणले.

मग कंपनीच्या कस्टमर केअरला मेल टाकला, बिल, प्लेटचे आन सीलचे जवळून फोटो, बुकलेटचं पान, डब्याची एमआरपी, सगळं जोडून. फोनवर बोलायचंच नाही असं ठरवलं, कारण फोनवर सगळे "नक्की बघतो सर" म्हणतात आन मागं काही उरत नाही. आठ दिवसात साच्यातलं उत्तर, आपली गैरसोय झाली याबद्दल खेद, डीलरशी संपर्क करा. अहो डीलरनंच तर लुटलं! मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार टाकली. तिथं पोरीनं नीट ऐकून घेतलं, तक्रारीचा नंबर दिला, कागद ऑनलाइन अपलोड केले. हेल्पलाइन म्हणजे कोर्ट नाही, ते कंपनीकडं तक्रार पाठवून उत्तर मागतात, बास. पण शोरूमचा मॅनेजर जे ऐकत नाही ते कंपनीच्या हेड ऑफिसातून खाली आलं की ऐकतो हे मी डोळ्यांनी बघितलं.

भाच्यानं पुढची तयारी पण करून ठेवलती. ग्राहक आयोगात आपण राहतो त्याच जिल्ह्यात केस टाकता येते, म्हणजे शोरूम कुठं का असंना मला परभणीलाच जायचं होतं. पाच लाखापर्यंतच्या मामल्याला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही, दोन वर्षाची मुदत. ती वेळ आली नाही.

नोव्हेंबरच्या शेवटाला कंपनीचा एरियाचा माणूस शोरूमला आला, मला बोलावलं. मी खोकं घेऊन गेलो. तो माणूस सरळ होता, प्लेट बघितली, सील बघितलं, मॅनेजरकडं बघितलं आन मॅनेजर मोबाइल बघायला लागले. पाच मिनिटात विषय संपला असता, पण मग घासाघीस सुरू झाली. सील, लेबर, गिअर ऑइल, कन्झ्युमेबल वॉरंटीत घेतो, क्लच सेट 21 हजार चाललाय म्हणून निम्मा तुमचा, बेअरिंग तुमचं. एसी आन थ्रॉटलचे 1,600 विचारले तर त्यानं टॅबवर एस्टिमेट काढून दाखवलं, दोन्ही त्यात होते, खाली माझ्या ओटीपीची वेळ, सकाळी 11:42. मी काय बोलणार? फोनवर सात-आठ हजार म्हणले होते हे माझ्या कानानं ऐकलेलं, पण कागदावर पंधरा हजार आन टॅक्स असंच होतं.

तर 10,526 परत, टॅक्ससकट. 7,080 माझ्या खिशातनं. भाचा म्हणला घेऊ नका, निम्मा क्लच कशाला सोडायचा, पूर्ण मिळंल. मी घेतले. रब्बीच्या सीझनला दुकान बंद ठेवून तारखा करणं मला परवडणारं नव्हतं, हा माझा हिशोब, दुसऱ्याला वेगळा पटंल. पैसे 12 डिसेंबरला खात्यात आले. एमआरपीच्या 198 चं शेवटपर्यंत कुणी नाव काढलं नाही, गिअर ऑइल सगळंच माफ झालं म्हणून मी पण सोडलं, पण मनातून गेलेलं नाही.

नवीन क्लच टाकून 11-12 हजार किलोमीटर झाले, हलका आहे, वास नाही. परवा धारूरच्या घाटातून चौघं बसून वर गेलो, थर्डला, काटा जागेवर. दर पंधरा दिवसाला सकाळी गाडीखाली पुठ्ठा टाकून थेंब पडतो का बघतो, ती सवय लागली.

30 हजाराची सर्विसिंग त्याच शोरूमला केली, जवळ दुसरं नाही आन वॉरंटी अजून चालू आहे. या वेळी एस्टिमेट ओळ न ओळ वाचलं, परत घुसवलेली एसी ट्रीटमेंट खोडली, मगच ओटीपी दिला. तेच पोरगं होतं. मी काही बोलायच्या आत म्हणला, "सर जुने पार्ट डिकीत ठेवलेत." आनंद झाला. घरी येऊन डिकी उघडली तर जुना ऑइल फिल्टर पातळ कॅरीबॅगमध्ये आडवा ठेवलेला, अर्धा पाव तेल मॅटवर. सर्फ लावून दोनदा धुतलं, वास अजून आहे.