काळ्या मातीवर गादीवाफ्याची बॅग: पाचपैकी चार तारे
आमच्या सोलापुरात अंगणातली माती अस्सल काळी. पावसात चपलेला किलोभर चिकटते, उन्हाळ्यात भेगांत अख्खी काडेपेटी मावते. म्हणून ही 6×3 फुटांची, फूटभर उंच एचडीपीईची (जाड प्लास्टिकच्या कापडाची) भाजी लावायची बॅग ऑनलाइन मागवली.

कापड दणकट, शिवण दुहेरी, निचऱ्याची भोकं व्यवस्थित. पण भरल्यावर लांब बाजू पोट सुटल्यासारखी फुगते. बाहेरून दोन बांबू ठोकाच. आणि भरावाबद्दल विक्रेता अवाक्षर काढत नाही! या मापाला 18 घनफूट, म्हणजे 500 लिटरच्या वर माल लागतो. 5 किलोची कोकोपीटची (नारळाच्या काथ्याच्या भुशाची) वीट भिजून फार तर 60-70 लिटर होते, तेव्हा सगळं विकतचं घ्यायचं तर खिसा रिकामा. मी तळाला वाळका पालापाचोळा घातला, वर निम्मी तीच काळी माती, बाकी कुजलेलं शेणखत आणि कोकोपीट. (थोडी वाळू कालवा म्हणणारे भेटतील. ऐकू नका, माती सुकल्यावर आणखी घट्ट बसते.) बॅगेखालची जमीन मात्र आधी कुदळीने मोकळी करा, नाहीतर पाणी तिथेच तुंबतं.

मेथी-पालक झकास. मुळा चक्क सरळ आला, आमच्याकडे हे नवलच. एक तारा फुगणाऱ्या बाजूंसाठी कापला.