केमॅलॉक की स्वतःची कॅश?

लिनक्सच्या सुरक्षा मॉड्यूलमध्ये दर आयनोडमागे (कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, असलेली फाइलची नोंद) एक छोटं लेबल ठेवायचंय. मेमरी केमॅलॉकने (कर्नलचं मेमरी मागायचं नेहमीचं फंक्शन) घ्यावी की वेगळी स्लॅब कॅश (एकाच मापाच्या तुकड्यांचा साठा) उघडावी, यावर एक मित्र अडलाय.

जागेचं आधी बघू. केमॅलॉक ठरावीक मापांतच देतो: एक्स८६-६४ वर ७२ बाइट मागा, ९६ मिळतात. दहा लाख आयनोड झाले की सुमारे २४ एमबी फुकट. कॅश मात्र मापाचेच तुकडे पाडते. वेगात फारसा फरक नाही, आत मेमरी वाटणारा स्लॅब तोच. मेहनत कॅशला जास्त, बूटवेळी उभारावी लागते. पण विलीनीकरण (सारख्या कॅश एकत्र करणं) बंद ठेवलं तर मेमरीची गळती स्लॅबइन्फोत (कॅशची यादी दाखवणारी फाइल) नावानिशी सापडते.

कर्नलनेही आयनोड-फाइलच्या ब्लॉबना (सुरक्षा मॉड्यूलांच्या माहितीचे तुकडे) कॅश दिली, क्रेडेन्शियलच्या (प्रोसेसची ओळख नि अधिकार) ब्लॉबना केमॅलॉकच. एकाच मापाच्या लाखो वस्तू असतील तर कॅश; मोजक्या किंवा कमीजास्त मापाच्या असतील तर केमॅलॉक.