परदेशी तळावरच्या शिकाऊ वैमानिकाला काय धाडावं: बिबड्या की केळीचे वेफर्स?

युद्ध चालू असलं की टपाल रखडतं, म्हणून जळगाव-धुळ्याकडून पार्सल धाडताना आधी टिकाऊपणा बघा. बिबड्या म्हणजे ज्वारीचे पापड, कडक वाळवले की महिनोन्महिने राहतात. वेफर्सचं तेल खवट होतं.

कुरियरवाले लांबी, रुंदी, उंची सेंमीत गुणून ५००० ने भागतात. तो किलोतला आकडा खऱ्या वजनाहून जास्त आला तर पैसे त्याचेच. हवा भरलेली वेफर्सची पाकिटं इथेच महाग पडतात. शिवाय विमानात हवेचा दाब ८००० फूट उंचीवरच्या इतका उतरला की पाकीट साधारण तिसऱ्या हिश्श्याने फुगतं आणि कच्च्या शिवणीवर उसवतं. बिबड्या थप्पी लावून, मध्ये कागद घालून डब्यात चपखल बसतात.

खोलीत विस्तव नसेल तर बिबडी भाजायला मायक्रोवेव्ह लागतो, तोही जपून. बिबडी चटकन करपते. वेफर्स नुसते फोडायचे. पण तेलकट बोटांनी ऑक्सिजन मास्क धरू नये, दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये तेल पेटू शकतं. साबणाने हात धुवायला पोराला बजावून सांगा.

उड्डाणाआधी दोन्ही नकोतच. १८,००० फुटांवर बाहेरचा दाब निम्मा होतो. केबिनमध्ये दाब राखलेला नसेल तर पोटातला वायू दुप्पट तरी फुगतो.

टपालाचा भरवसा नसेल आणि तिथे मायक्रोवेव्ह असेल, तर बिबड्या. कुणी हातोहात नेणार असेल आणि खोलीतली पोरं आठवड्यात फस्त करणार असतील, तर वेफर्स.