मालकाने व्हिजिटर रजिस्टरमध्ये सही केली आणि मी टँकरची चौकशी करत बसलो

भाड्याच्या घराच्या फसवणुकीत एकूण ६५,३०० रुपये गेले. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण नातेवाइकांत तो आता 'लाखभर' झालाय आणि ऑफिसात 'दोन-तीन लाख'. टोकन ५,०००, डिपॉझिट ४०,०००, पहिल्या महिन्याचं भाडं १४,५००, ॲग्रीमेंटचे २,८०० आणि सोसायटीचे 'शिफ्टिंग चार्जेस' म्हणून ३,०००. टेम्पोचे ११,००० वेगळे. ते मी यात धरत नाही. टेम्पोवाल्याने सामान इमानदारीत आणलं, उतरवायला घर नव्हतं हा त्याचा दोष नाही.

आणि मी ऑडिटच्या ऑफिसात काम करतो. दिवसभर दुसऱ्यांच्या व्हाउचरवर 'पावती कुठे?' असं लाल पेनने लिहायचं, हा माझा धंदा. हसायचं असेल तर इथेच हसून घ्या, पुढे मला राग येईल.

पुण्यात बाणेरला नोकरी लागली तेव्हा आम्ही मराठवाड्यात होतो. पगार बघून बाणेर-औंधवर आधीच काट मारली. मग तीन आठवडे मी एरिया शोधत होतो. चक्क एक्सेल शीट केली होती: बस किती, शाळा किती लांब, पावसाळ्यात रस्त्यावर पाणी साचतं का, टँकर लागतो का. वाकड आणि पिंपळे सौदागर बजेटच्या बाहेर. काळेवाडी-थेरगावला परवडणारं होतं, पण बायकोला लिफ्ट हवी होती, कारण आईचे गुडघे. रावेत-पुनावळे पट्ट्यात नवे टॉवर, पण ऑफिसच्या वेळेला महामार्गावरची कोंडी. वाघोलीत थोडं स्वस्त, पण तिथून बाणेर म्हणजे अख्खं पुणे ओलांडायचं. माझा आतेभाऊ दहा वर्षं पुण्यात आहे. तो म्हणाला होता, "दादा, इथे स्वस्त घर म्हणजे एक तर पाणी नाही, नाहीतर रस्ता नाही." म्हणून मी पाणी आणि रस्ता तपासत बसलो. घरच नाही, ही तिसरी शक्यता त्यानेही सांगितली नव्हती.

तर महामार्गालगतच्या एका मोठ्या सोसायटीतला टू बीएचके, सहावा मजला, भाडं १४,५००. त्याच सोसायटीतले बाकीचे फ्लॅट एकवीस-बावीस हजारांना होते. 'एवढं स्वस्त म्हटल्यावर संशय यायला हवा होता' हे मला आत्तापर्यंत किमान पंधरा जणांनी सुनावलंय. आला होता संशय. मालक म्हणवणाऱ्या त्या माणसाला मी फोनवर सरळ विचारलंही. तो म्हणाला, "सर, खोटं कशाला बोलू, बेडरूम हायवेच्या बाजूला आहे, रात्री ट्रकचा आवाज येतो. उन्हाळ्यात टँकरवर चालतं. बॅचलर लोकांनी मागच्या वेळी फार त्रास दिला, म्हणून कमी भाड्यात पण फॅमिलीच हवी." आता सांगा, स्वतःच्या घराची खोट स्वतःहून सांगणाऱ्या माणसावर कोण संशय घेईल? मी तर माझ्या एक्सेल शीटमध्ये 'आवाज' असा नवा कॉलम टाकला.

११ मेला घर बघायला गेलो. गेटवर वॉचमनने रजिस्टर पुढे केलं. त्या माणसाने पेन घेतलं, नाव लिहिलं, मोबाइल नंबर लिहिला, 'कोणाकडे' या रकान्यात ६०३ लिहिलं, 'काम' या रकान्यात 'पर्सनल', आणि सही केली. मग पेन माझ्याकडे दिलं. मी त्याच्या खाली, त्याच रकान्यात, ६०३ लिहिलं.

मालक. स्वतःच्या फ्लॅटला. व्हिजिटर म्हणून.

हे मी रोज रात्री आठवतो. माझं नाव त्याच्या नावाच्या बरोब्बर खाली होतं, दोन्हींमध्ये एका रेघेचं अंतर. आणि मी त्या क्षणी वॉचमनकाकांना काय विचारत होतो? "टँकर रोज येतो का दिवसाआड?" काका म्हणाले, "मे महिन्यात रोज." मी समाधानाने मान डोलावली. त्याच काकांना 'सहाशे तीनचे मालक हेच ना?' एवढं विचारलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. त्यांना माहीत होतं की तो फ्लॅट आठ-पंधरा दिवसांच्या बोलीवर बाहेरच्या लोकांना दिला जातो. त्यांनी सांगितलं नाही, कारण मी विचारलं नाही. टँकरबद्दल विचारलं, टँकरबद्दल सांगितलं.

वर गेल्यावर आणखी एक. बाथरूमचा दिवा लावायला त्याने चार बटणं दाबली. आधी हॉलचा पंखा लागला, मग पॅसेजमधला दिवा, मग काहीच नाही, मग एकदाचा बाथरूममध्ये उजेड पडला. "आम्ही ठाण्याला असतो ना सर, इथे कधी राहिलोच नाही." बायकोने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं ती बाथरूम लहान आहे म्हणून बघतेय.

टोकन तिथेच दिलं. यूपीआयवर नंबर टाकला तर स्क्रीनवर त्याचं नाव नाही, कुठल्याशा 'एंटरप्रायजेस'चं नाव आलं. विचारलं, नाही असं नाही. "मेव्हण्याच्या दुकानाचं खातं आहे, माझी आजची लिमिट संपलीय." लिमिट सगळ्यांचीच संपते, माझीही संपलीय. पैसे पाठवण्याआधी ॲप ते नाव दाखवतं ते शोभेला नाही. पैसे घेणाऱ्याचं नाव आणि घराच्या कागदावरचं नाव वेगळं असेल, तर मेव्हणा असो की सासरा, फोन खिशात ठेवा.

डिपॉझिट १३ तारखेला गावाकडून पाठवलं, कारण 'दुसरी पार्टी उद्या येतेय, पण वहिनींना घर आवडलंय म्हणून थांबलोय'. वहिनींना! बाकीचे पैसे १७ तारखेला. त्याच दिवशी कुरिअरने दोन वस्तू आल्या: पिवळ्या प्लॅस्टिकच्या टॅगला लावलेली चावी, टॅगवर पेनने ६०३, आणि ५०० रुपयांच्या स्टॅम्पपेपरवरचं ॲग्रीमेंट, नोटरीचा गोल शिक्का, लाल सील, सगळं. शिक्का बघितला की आमच्यासारख्यांचं डोकं बंद पडतं, हे त्याला बरोबर माहीत असणार.

आता शिकलोय ते सांगतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५: लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे आपलं भाड्याचं ॲग्रीमेंट, लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. नोंदणीसाठी दोन्ही बाजूंचे आधार आणि अंगठे लागतात, तिथे तोतया मालकाची खरी पंचाईत होते. 'अकरा महिन्यांचं आहे, नोटरी चालते' असं कोणी म्हणालं तर तिथून उठा. आणि खर्च? अकरा महिन्यांचं भाडं, त्यात डिपॉझिटवरचं दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज, या रकमेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क. माझ्या बाबतीत ते जेमतेम ४०० रुपये. शहरी भागात नोंदणी फी १,०००. म्हणजे चौदाशेच्या आसपास सरकारी खर्च, आणि मी खोट्या कागदाचे २,८०० मोजले. फसवणुकीतसुद्धा मला महाग दर लागला.

२५ मे, रविवार. टेम्पो गेटवर उभा, वर गॅसची शेगडी, आईची खुर्ची, कूलर. माझ्या आधी तिथे आणखी एक कुटुंब उभं होतं, दोन सुटकेस आणि कडेवर झोपलेलं मूल. त्या गृहस्थाच्या हातात पिवळा टॅग. त्यावर ६०३. अक्षरही तेच, सहाचं पोट तसंच फुगलेलं. आम्ही दोघं काही न बोलता लिफ्टने वर गेलो. त्याची चावी लागली नाही. माझी लागली नाही. आतून एका मुलाने दार उघडलं, तो आठवड्यासाठी राहायला आला होता आणि आम्हाला बघून घाबरला. त्या गृहस्थाचे ५२,००० गेले होते. खरं सांगतो, त्याचा आकडा माझ्यापेक्षा कमी आहे हे ऐकून मला वाईट वाटलं, आणि ते त्याच्यासाठी नव्हतं.

खरा मालक परराज्यात. त्याने फ्लॅट एका एजंटावर सोडलेला, एजंट ज्याला मिळेल त्याला आठवडाभर देतो. आमचा भामटाही असाच आठवडाभराचा पाहुणा होता, असा आमचा अंदाज. मालकाने फोनवर 'सो सॅड' म्हटलं.

आता सरकारी कृपा. पहिल्या ठाण्यात अंमलदाराने ॲग्रीमेंट उलटंपालटं केलं आणि म्हणाले, "हे सिव्हिल मॅटर आहे, वकील बघा." मी म्हटलं, साहेब, तो मालकच नव्हता, सिव्हिल कोणाशी करू? "अहो, शिकलेले दिसता, रजिस्टर का नाही केलं?" नोंदणी करण्याची जबाबदारी कायद्याने घरमालकावर टाकली आहे, न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हे मी तेव्हा सांगू शकलो नाही, कारण तेव्हा मला ते माहीत नव्हतं. रात्री कळलं, तेव्हा ऐकायला कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, तर साहेब वेगळे. "पैसे कुठे बसून पाठवले?" गावाकडून. "मग तिकडे जा." गावाकडच्या ठाण्यात फोन केला: "घटना पुण्याची, फ्लॅट पुण्याचा, आमच्याकडे काय?" भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे आणि तिच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीतला असला तरी माहिती नोंदवून घ्यायची असते, यालाच झिरो एफआयआर म्हणतात. हे छापून नेलं. हवालदारांनी कागद वाचला, घडी घातली, परत दिला आणि म्हणाले, "अर्ज द्या." एफआयआर नाही, अर्ज. अर्ज आणि एफआयआर यांत काय फरक असतो ते तुम्हाला माहीत नसेल तर देव करो आणि माहीत न होवो. निदान प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक मागून घ्या. मला तोही तिसऱ्यांदा मागितल्यावर मिळाला, कारण शिक्का कपाटात आणि कपाटाची किल्ली रजेवर.

बँकेत वेगळीच तऱ्हा. "पिन तुम्हीच टाकलात ना?" हो. "मग व्यवहार तुमच्या मर्जीने झाला." इतकं सरळ. तक्रारीच्या फॉर्मवर त्यांनी 'ग्राहकाने स्वेच्छेने' असे शब्द लिहायला लावले, आणि मी लिहिले.

१९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, आम्ही २५ तारखेच्या रात्री फोन लावला, तोही आतेभावाने सांगितल्यावर. डिपॉझिट जाऊन बारा दिवस झालेले. पैसे खात्यातून खात्यात फिरून काढले जाण्याआधी फोन गेला तरच ते अडकवता येतात. शंका आली की पोलीस ठाण्याची पायरी चढायच्या आधी हा नंबर लावा, आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. त्या 'एंटरप्रायजेस'च्या खात्यात १,९१२ रुपये सापडले, त्यावर होल्ड लागलाय. ते सोडवायला कोर्टाचा आदेश लागेल, असं मला सांगितलं. वकिलाने सल्ल्याचे २,००० सांगितले.

वीजबिल दाखवलं होतं की त्याने, मोबाइलवर, असं बायको सगळ्यांना सांगते, माझी बाजू घेऊन. दाखवलं होतं. पण मोबाइलवरचं बिल म्हणजे चित्र. ग्राहक क्रमांक घेऊन महावितरणच्या साइटवर स्वतः बिल उघडा. मिळकतकराची पावती मागा, इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा, त्यात मालकाचं नाव असतं) मागा, खरा मालक चिडणार नाही. आणि एक फेरी त्याला न सांगता मारा, सोसायटीच्या ऑफिसात जाऊन फ्लॅट नंबर सांगून मालकाचं नाव विचारा. बॅनरवर 'मेट्रो लवकरच' लिहिलंय का हे बघायला मी चार किलोमीटर चाललो होतो. ऑफिस गेटपासून तीस पावलांवर होतं.

सध्या काळेवाडीत राहतो, दुसरा मजला, लिफ्ट नाही. आई एकेका पायरीवर थांबते आणि मला काही बोलत नाही, ते बोलण्यापेक्षा वाईट. ॲग्रीमेंट नोंदवलेलं आहे. मालकीणबाईंना मी इतके कागद मागितले की त्या म्हणाल्या, "तुम्ही भाड्याने घेताय का विकत?"

अर्जाचं काय झालं ते विचारायला शनिवारी बोलावलंय. साहेब बंदोबस्ताला गेले असतील तर सोमवारी.