ईसीएम (गाडीच्या इंजिनचा कम्प्युटर) रिपेअरचा अनुभव: चार स्टार, पाचवा का कापला ते पण लिहितो

गाडी आयडलला थरथर कापायची, पिकअप पार मेलेला, चेक इंजिनची लाइट पेटलेली. नेहमीच्या गॅरेजने स्कॅनर लावला तर कोड आला पी ०२०३, म्हणजे तीन नंबर सिलेंडरच्या इंजेक्टरचं (पेट्रोल फवारणारा पार्ट) सर्किट. आता कोड सरळ सर्किट म्हणतोय तरी पठ्ठ्याने आधी प्लग बदलले मग कॉइल बदलली आणि शेवटी हात वर केले, "साहेब कम्प्युटर गेला, नवीनच टाका".

मग या ईसीएम रिपेअरवाल्यांकडे नेली. यांनी ईसीएमचा बॉक्स उघडायची घाई केली नाही, हेच मला सगळ्यात आवडलं. आधी बॅटरी, मग ईसीएमच्या कप्लरवर (वायरींचा जोड) सप्लाय आणि अर्थ, तेही इंजिन चालू ठेवून. मग इंजेक्टरचा एकेक कप्लर काढून त्यात टेस्टिंगचा छोटा बल्ब, एक दोन चारला लुकलुकतोय, तीनला ढिम्म. इंजेक्टरला १२ व्होल्ट कायम असतात म्हणे, ईसीएम फक्त अर्थची बाजू जोडतो आणि तोडतो, तेही काही मिलिसेकंद, जेवढा वेळ जोडलं तेवढं पेट्रोल आणि तो वेळ क्रँक सेन्सर, हवेचं प्रेशर, कूलंटचं तापमान वगैरे बघून ठरतो. मधली वायर शाबूत निघाली, म्हणजे ईसीएमच्या आतला ड्रायव्हरच, म्हणजे इंजेक्टरची अर्थ जोडणारा-तोडणारा भागच, उडालेला.

पण उडाला का? हे गॅरेजवाल्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. यांनी चारही इंजेक्टरचे ओहम (रेझिस्टन्स) मोजले, तीन जण १४ च्या आसपास आणि तिसरा फक्त २! इंजेक्टरच्या आतली कॉइल शॉर्ट. जिथे एक अँपिअरसुद्धा जात नाही तिथे सहा अँपिअर ओढत होता. नवा कम्प्युटर टाकला असता तर त्याचाही बळी गेला असता.

सेकंडहँड बॉक्स टाकू का विचारलं तर नको म्हणाले, इमोबिलायझरची (चोरीविरोधी लॉक) किल्लीशी जुळणी त्याच्यात असते, दुसरा नुसता लावून गाडी चालू होणार नाही. आधी मेमरीचा बॅकअप घेतला मग झाकण कापून कोटिंग खरवडून ड्रायव्हरची आयसी (चिप) बदलली, इंजेक्टर पण नवा टाकला.

आता तक्रार. दोन दिवस सांगून सहा लावले, वर फोन उचलत नाहीत. झाकणाच्या एका कोपऱ्यात सीलंटच नव्हतं, मी बोट फिरवून बघितलं म्हणून कळलं, पाणी शिरलं असतं तर सगळी मेहनत पाण्यात, अक्षरशः. लगेच भरून दिलं ते खरं. आणि बॅटरी काढल्यामुळे गाडीने शिकलेलं पुसलं जातं, पहिला दिवस आयडल वरखाली होतो, हे आधी सांगायला काय जातं? मी अर्धा दिवस टेन्शनमध्ये.

गाडी आता मस्त चालतेय. जुना इंजेक्टर मागून घेतलाय, गॅरेजवाल्याच्या हातात मीटर देऊन त्यालाच मोजायला लावणार आहे.